दादरला उतरा, मग बघू

मुंबईत कोणाला कुठेही जायचे असो, सांगणाऱ्याचे पहिले वाक्य ठरलेले असते: "दादरला उतर, मग बघू." डोंबिवलीहून वांद्र्याला निघालेल्याला हेच सांगतात, बोरिवलीहून मुलुंडला निघालेल्याला हेच सांगतात आणि पुण्याहून शिवनेरीने येणाऱ्या पाहुण्यालाही हेच. या वाक्याचा पहिला अर्धा भाग रेल्वे शंभराहून अधिक वर्षे पार पाडते आहे. लोक दादरला उतरतात. पुष्कळदा त्यांना उतरायचे नसले तरी उतरतात, कारण दरवाजातली गर्दी तसा निर्णय परस्पर घेऊन टाकते. राहिलेला अर्धा भाग, म्हणजे "मग बघू", कोणाच्या खात्यात येतो, हे मात्र अजून कळलेले नाही.

खाती कमी आहेत असे नव्हे. दादरमध्ये मध्य रेल्वे आहे आणि पश्चिम रेल्वे आहे. बेस्ट आहे, एसटी आहे. जमिनीखाली मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन आहे, एमएमआरडीएची मोनोरेल डोक्यावरून गेलेली आहे. रस्ता आणि फूटपाथ महापालिकेचा, त्यावरची वाहतूक पोलिसांची. भाऊबंदकीत वाटण्या झालेल्या वाडीची जी अवस्था असते तीच दादरची आहे: सातबाऱ्यावर प्रत्येकाचा हिस्सा चोख नोंदलेला, बांध कोरण्यात सगळे हुशार, आणि घरातून विहिरीकडे जाणारी वाट तेवढी कोणाच्याच नावावर नाही. दादरचा प्रवासी नेमका त्या वाटेवरून चालतो.

या वाटणीपत्राचे पहिले पान इंग्रजांच्या काळातले आहे. पूर्वेकडून जीआयपी रेल्वे गेली, पश्चिमेकडून बीबीसीआय. दोन कंपन्या, दोन मालक, म्हणून दोन दादर. १९५१ मध्ये कंपन्या गेल्या, त्यांच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या. देश एक झाला होता, रेल्वे सरकारची झाली होती, पण दादरच्या पुलावर उभ्या राहिलेल्या माणसाला "तीन नंबर कुठे?" असे विचारले की तो आधी प्रतिप्रश्न करी: "सेंट्रलचा तीन की वेस्टर्नचा तीन?" स्टेशनात एक नंबरचे फलाट दोन, दोन नंबरचे दोन, तीन नंबरचेही दोन. बाहेरगावाहून आलेला माणूस चुकीच्या तीन नंबरवर उभा राहून कर्जत लोकलची वाट पाहत असे, आणि समोरून विरार गाड्या जात राहत.

हा घोळ ९ डिसेंबर २०२३ रोजी मिटवण्यात आला. पश्चिम रेल्वेने एक ते सात हे आकडे ठेवले, मध्य रेल्वेने आठपासून पुढचे घेतले. जुना एक नंबर आठ झाला, जुना तीन नंबर नऊ झाला, असे करत जुना आठ नंबर चौदावर जाऊन पोचला. पाट्या बदलल्या, उद्घोषणा बदलल्या. स्वातंत्र्यानंतर शहात्तर वर्षांनी दादरमधल्या दोन रेल्वेंनी सलग आकडे मोजून दाखवले, ही साधी गोष्ट नाही. काहींनी ही सुधारणा फक्त रंगाच्या डब्याची म्हणून हिणवली. त्यांना सरकारी कामाची कल्पना नाही. दोन झोनना एका अंकमालिकेवर आणणे हे बोगदा खणण्याहून अवघड काम आहे. बोगदा निदान दोन्ही बाजूंनी खणतात.

परिणामही लगेच दिसला. पूर्वी लोक विचारत, "सेंट्रलचा तीन की वेस्टर्नचा?" आता विचारतात, "नऊ म्हणजे जुना तीन ना?"

चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल की या हिशेबात मध्य रेल्वेचा जुना दोन नंबर कुठेच नाही. तो वाटणीत गेला. एक नंबरचा फलाट इतका अरुंद होता की दोन गाड्या एकदम आल्या तर माणसे फलाटाच्या कडेवर तोल सांभाळत उभी राहत. तो रुंद करण्यासाठी शेजारचा दोन नंबर त्यात घालण्यात आला, हे अगदी योग्यच झाले. फक्त दोन नंबरवरून सुटणाऱ्या दादर लोकलचे काय करायचे, हा प्रश्न उरला. तोही सप्टेंबर २०२३ मध्ये सुटला: त्या गाड्या परळहून सुटू लागल्या. परळहून निघालेली गाडी दादरला येते तेव्हा परळकरांनी खिडक्या धरलेल्या असतात. दादरहून रिकामी गाडी मिळण्याचे दादरकराचे सुख असे एका स्टेशनाने मागे सरकले.

रेल्वेच्या दोन दादरांचे एक झाले, तोवर इतर खात्यांनी आपापली दादर उघडली होती.

मोनोरेलचे 'दादर पूर्व' नावाचे स्थानक २०१९ च्या मार्चमध्ये सुरू झाले. ते वडाळा ब्रिज आणि नायगाव या दोन मोनो स्थानकांच्या मधे आहे. रेल्वेच्या दादरला उतरून पूर्वेच्या दाराने बाहेर पडलेल्या माणसाने मान वर करून मोनोचा खांब शोधला तर त्याला स्वामीनारायण मंदिर दिसते, टॅक्सींची रांग दिसते, मोनो दिसत नाही. ती तिथून भरपूर चालल्यावर येते, आणि तोवर त्या भागाला दादर म्हणणारा माणूस भेटेनासा झालेला असतो. पण नकाशावर नाव छापले की जोडणी झाली, हा आधुनिक वाहतूकशास्त्राचा पाया आहे. त्या न्यायाने उद्या पनवेलच्या एखाद्या स्टॉपला 'दादर दक्षिण' म्हटले तर पनवेलही जोडले जाईल.

मोनोची कथा इथे थोडी सांगायला हवी, कारण तिची सारी हयात जोडणीच्या शोधात गेली. २ फेब्रुवारी २०१४ रोजी वडाळा ते चेंबूर हा पहिला टप्पा सुरू झाला, पुढे ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत गेली. वर्षानुवर्षे तिच्यावर एकच आरोप होता: रिकामी धावते. मोठ्या रेल्वे स्थानकांच्या दारात ती जात नाही, मग तिच्यात बसेल कोण? १९ ऑगस्ट २०२५ रोजी मुसळधार पावसाने हार्बर लोकल बंद पडली आणि हजारो लोकांना एकदम आठवले की आपल्या डोक्यावरून एक गाडी जाते. मोनोच्या आयुष्यात प्रथमच लोकांनी तिचा पर्यायी वाहतूक म्हणून उपयोग केला. गाडी भरली. इतकी भरली की म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क यांच्यामध्ये ती अधांतरी थांबली, आतली वीज गेली आणि अग्निशमन दलाला शिड्या लावून ५८२ प्रवासी खाली उतरवावे लागले. अधिकृत खुलासा असा आला की गाडीची क्षमता १०४ टनांची होती आणि वजन १०९ टन झाले. अकरा वर्षे प्रवासी येत नाहीत म्हणून दूषणे खाल्लेली गाडी प्रवासी आले त्या दिवशी बंद पडली. महिन्याभराने, २० सप्टेंबरला, सुधारणा करण्यासाठी ती सेवाच थांबवण्यात आली.

तिसरे दादर जमिनीखाली आहे. मेट्रो तीनचे हे स्थानक पश्चिमेला, प्लाझा आणि शिवसेना भवनाच्या परिसरात. १० मे २०२५ पासून ते लोकांसाठी खुले झाले. खरे सांगायचे तर हे स्थानक देखणे आहे. स्वच्छ, गार, उजेडाचे, आणि दादरमध्ये असूनही तिथे कोपर न लागता चालता येते, ही तर चैनच म्हणायची. खाली उतरलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत मोबाइलचे नेटवर्क मिळत नसे. दुकानापासून देवळापर्यंत सगळीकडे क्यूआर कोडने पैसे देण्याची सवय लागलेला मुंबईकर तिकीट खिडकीपाशी येऊन अनेक वर्षांनी खिशात सुटे पैसे चाचपू लागला. पण हे सगळे स्थानकात पोचल्यावरचे. लोकलच्या दादरहून मेट्रोच्या दादरला जाणारा माणूस मधे काय काय पार करतो? फूलबाजार, भाजीवाले, हातगाड्या, साडीची दुकाने, सिग्नल, आणि ज्याच्यावर पाय ठेवावा की नाही असा प्रश्न पडावा अशा फरश्या. लोकलच्या हद्दीत मेट्रोचा बाण आहे, मेट्रोच्या हद्दीत लोकलचा बाण आहे. मधल्या रस्त्यावर बाण नाही, कारण रस्ता पालिकेचा, आणि पालिका ना लोकल चालवते ना मेट्रो.

त्याच मार्गावर दादरनंतर थोड्याच अंतरावर आचार्य अत्रे चौक हे स्थानक लागते. तेही १० मेलाच खुले झाले आणि २६ मेला, सोळा दिवसांनी, बांधकाम चालू असलेल्या एका दारातून पावसाचे पाणी शिरून त्याचा फलाट चिखलाने भरला. गेल्या दहा हजार वर्षांत असे घडले नव्हते, असे म्हणायला अत्रेच हवे होते. इथेही एक खबरदारी घ्यावी लागते. मोनोरेलवर 'आचार्य अत्रे नगर' नावाचे वेगळे स्थानक आहे, ते वडाळ्याच्या बाजूला. मेट्रोचा 'आचार्य अत्रे चौक' वरळीला. अत्र्यांना भेटायला निघालेल्या माणसाने आधी कोणत्या खात्याचे अत्रे, हे विचारून घ्यावे.

९ मे ही तारीख मुंबईच्या वाहतुकीत काहीतरी योग घेऊन आलेली असावी. ९ मे १८७४ रोजी मुंबईत पहिली घोड्यांची ट्राम धावली. कुलाब्याहून पायधुणीचे भाडे सुरुवातीला तीन आणे होते. ट्राम लोकप्रिय झाली, गर्दी वाढली आणि कंपनीने भाडे दोन आण्यांवर आणले. ९ मे २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते मेट्रोच्या दादरपर्यंतच्या आणि पुढे वरळीपर्यंतच्या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्याच दिवसापासून बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले, वातानुकूलित बसचे सहावरून बारा. मेट्रोपर्यंत पोचवणारी बस आणि मेट्रो यांचा मुहूर्त एकाच दिवशी साधणे याला खरा समन्वय म्हणतात. गर्दी वाढली म्हणून भाडे कमी करणारी ती घोड्यांची कंपनी अर्थातच व्यवहारशून्य होती. तिला तिकिटे छापायचीही बुद्धी सुरुवातीला झाली नव्हती.

ट्राम दादरला शेवटची पोचली ३१ मार्च १९६४ रोजी, बोरीबंदरहून. त्यानंतर रूळ उखडले, पण दादर पूर्वेच्या त्या चौकाचे 'टीटी' हे नाव राहिले, म्हणजे ट्राम टर्मिनस. आजही टॅक्सीवाल्याला "दादर टीटी" सांगितले की तो मान हलवतो. साठ वर्षांपूर्वी बंद झालेल्या वाहनाचा थांबा मुंबईला तोंडपाठ आहे, आणि मोनो चालू असताना तिचा दादर पूर्व थांबा त्याच टॅक्सीवाल्याला सांगितला असता तर त्याने गिऱ्हाईकच बदलले असते.

टॅक्सीवाल्याचा विषय निघालाच आहे तर कल्याण-डोंबिवलीकडच्या माणसाचे दुःखही नोंदवायला हवे. स्टेशनबाहेर पडताच त्याचा हात सवयीने रिक्षासाठी वर जातो. रिक्षा शीव आणि माहीमच्या अलीकडे येत नाही, हे त्याला दादरच्या पायरीवर कळते. मग टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये आहे, आणि जवळचे अंतर सांगितले की तेवढ्या भाड्यासाठी टॅक्सी हलत नाही. "काका, चालत जा, पाच मिनिटांवर आहे," असा आरोग्यदायी सल्ला मिळतो. लांबचे सांगितले तर "गाडी जमा करायची आहे." मुंबईतल्या टॅक्सीने स्वीकारावे असे नेमके अंतर किती, हा प्रश्न भूमितीत सुटलेला नाही.

म्हणजे पुन्हा पायीच. पूर्व-पश्चिम करायचे तर टिळक पूल. पण या पुलाच्या नशिबी आता शेजाऱ्यांचीही ओझी आली आहेत. शीवचा रेल्वेवरचा १९१२ सालचा पूल पाडण्यासाठी १ ऑगस्ट २०२४ पासून बंद झाला. प्रभादेवीचा, म्हणजे जुन्या एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला, कारण अटल सेतूकडून येणाऱ्या गाड्यांना वरळीला जायला उन्नत मार्ग हवा आहे. समुद्रापलीकडून येणाऱ्याला वरळी जवळ यावी म्हणून परळहून निघालेल्याला प्रभादेवी लांब झाली. पूर्वी पूल ओलांडून समोर पोचणाऱ्या गाड्या आता वळसा घालून टिळक पुलावर येतात आणि एकमेकींच्या मागे निवांत उभ्या राहतात.

पूल बांधताना खाती कशी बांध राखतात याचा धडा अंधेरीने घालून दिला आहे, तो इथे सांगण्याचा मोह आवरत नाही. तिथला गोखले पूल नव्याने बांधताना रेल्वेच्या नियमांमुळे रुळांवरची उंची वाढवावी लागली. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी पुलाची एक बाजू खुली झाली तेव्हा दिसले की त्याला जोडून असलेला बर्फीवाला उड्डाणपूल आहे तिथेच, खाली राहिला आहे. दोन्हींत दीड-दोन मीटरचे अंतर. एरवी सरकारी कामात फाइली जुळत नाहीत, इथे पूल जुळले नव्हते. मग बर्फीवाला पुलाला जॅक लावून उचलण्यात आले आणि जुलैत तो गोखले पुलाला जाऊन भेटला.

इथवर हसून झाले. पण जोडणी हा केवळ विनोदाचा विषय नाही, हे दादरच्या पुढच्याच स्टेशनाने दाखवले आहे. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस होता. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर लोक थांबले, मागून लोक येत राहिले, आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. एक स्टेशन पश्चिम रेल्वेचे, एक मध्य रेल्वेचे. पूल अपुरा आहे हे तिथून रोज जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यानंतर सैन्याला बोलावण्यात आले आणि फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस नवा पादचारी पूल खुला झाला. जुलैमध्ये एल्फिन्स्टन रोडचे नाव बदलून प्रभादेवी झाले. सैन्याने काही महिन्यांत बांधलेला पूल आधीची कित्येक वर्षे कोणत्या टेबलावर होता, याचे उत्तर वाटणीपत्रात सापडते.

त्या दुर्घटनेनंतर उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले बसणार नाहीत, असे सांगितले. पालिकेने रस्त्यावर रेषा आखल्या. दादर पश्चिमेला ती रेषा पाहण्याचा योग ज्यांना आला त्यांना ठाऊक आहे की तिच्यावर लवकरच एक मोठी प्लास्टिकची चादर अंथरली गेली आणि तिच्यावर तीस रुपयांचे क्लिप आणि रबरबँड मांडले गेले. फेरीवाल्यांविरुद्धची तक्रार रास्त आहे, चालायला जागा हवीच. पण दुसरी बाजूही खरी आहे: दादरमध्ये विनामोबदला माहिती देणारे एकमेव कार्यालय हेच. फुलाची पुडी बांधता बांधता मान वर न करता "मेट्रो? सरळ जा, सिग्नल ओलांडा, जिना दिसेल" असे अचूक सांगणारी बाई कोणत्याही प्राधिकरणाच्या पगारावर नाही.

कोकणातल्या माणसाला तर एवढे सांगूनही भागत नाही. त्याची रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरला येत असे. करोनानंतर ती दिव्यापर्यंतच येऊ लागली. गणपतीच्या फुलांच्या परड्या, फणस आणि नातवंडे घेऊन निघालेला माणूस आता दिव्याला उतरतो, जिने चढतो, आधीच भरलेल्या लोकलमध्ये शिरण्याचा प्रयत्न करतो. दादरहून सुटणाऱ्या सावंतवाडीच्या गाडीला केशवसुतांच्या 'तुतारी'चे नाव देऊन २०१७ मध्ये कोकणचा गौरव झाला आहे, हे त्याला मान्य आहे. पण गौरवात बसायला जागा मिळेलच असे नाही, आणि पॅसेंजरचे तिकीट गौरवापेक्षा स्वस्त होते.

या सगळ्या तुटक धाग्यांना एकत्र बांधण्याचा उपाय अखेर सापडला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेट्रो तीनच्या पार कफ परेडपर्यंतच्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि त्याच कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते 'मुंबई वन' हे ॲप सुरू झाले. लोकल, मेट्रो, बेस्ट, ठाणे, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, नवी मुंबई अशा ११ वाहतूक सेवा एका ॲपमध्ये आणि तिकीटही एकच. कल्पना उत्तम आहे, अनेक वर्षांपूर्वी यायला हवी होती, आणि ज्याला रांगेत उभे राहायचा कंटाळा आहे त्याने ती जरूर वापरावी. या अकरा सेवांत मोनोरेलचाही समावेश करण्यात आला. ती बंद होऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते.

तेव्हा रेल्वे, मेट्रो आणि महापालिका यांना एक नम्र विनंती. नवे ॲप नको, नवी समिती तर नकोच. दादर स्टेशनच्या पश्चिमेच्या दारापासून मेट्रोच्या जिन्यापर्यंत, आणि पूर्वेच्या दारापासून टीटीच्या एसटी-शिवनेरी थांब्यापर्यंत, चार खांबांवर चार बाण लावा. किती मिनिटे चालावे लागेल ते मराठीत लिहा. बाणाचा खर्च कोणी करायचा यावर तिघांची बैठक होईपर्यंत वाचकांनी फुलवालीला विचारावे. फक्त सकाळी सातच्या आत विचारू नये, तेव्हा ती घाऊक गिऱ्हाइकांत असते.